तारेखालचा अंधार

केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सीमेलगत, बुसिया आणि सियाया हे दोन जिल्हे आहेत. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूचा हा पट्टा हिरवागार आणि दाट वस्तीचा. मका, कसावा, थोडा ऊस, आणि शेतांमध्ये विखुरलेली घरं. दहा-बारा वर्षांपूर्वी इथे रस्त्याकडेला खांब होते, खांबांवर तारा होत्या, बाजाराच्या गावी डीपी बसलेली होती. सरकारी हिशेबात हा सारा भाग वीज पोहोचलेला. केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वोल्फ्रम या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या दीडशे डीपींच्या भोवतालची घरं मोजायला घेतली, तेव्हा कळलं की शंभर घरांपैकी जेमतेम पाच घरांत वीज आहे. आणि वीज नसलेल्या घरांतली निम्मी घरं जवळच्या तारेपासून दोनशे मीटरच्या आत आहेत.

दोनशे मीटर म्हणजे हाकेचं अंतर. डोक्याजवळून तार गेलेली, आणि घरात रॉकेलचा दिवा.

आफ्रिकेतल्या विजेची चर्चा नेहमी मोठ्या आकड्यांनी सुरू होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सुमारे ६० कोटी माणसं विजेविना राहतात. जगातल्या वीज नसलेल्या दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक तिथली. जगातल्या सर्वांत चांगल्या उन्हाच्या प्रदेशापैकी ६० टक्के या खंडात आहे, पण जगाच्या सौरऊर्जा क्षमतेतला त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. दक्षिण आफ्रिका हा देश वगळला तर या भागात माणशी वर्षाला १८० युनिटच्या आसपास वीज वापरली जाते. भारतात हा आकडा आता १,४०० च्या घरात आहे. १८० म्हणजे महिन्याला १५ युनिट! आपल्या घरातला एक फ्रिजही महिन्याला याहून जास्त वीज खातो.

हे आकडे खरे आहेत, पण त्यांच्यामुळे असं वाटायला लागतं की प्रश्न वीज निर्माण करण्याचा आहे. धरण बांधा, पॅनल लावा, की उजेड पडेल. गेल्या सत्तर वर्षांत या खंडात जे घडलं ते पाहिलं की मला उलट वाटतं. वीज निर्माण करणं हा त्यातला सोपा भाग. अवघड आहेत ते शेवटचे दोनशे मीटर, आणि ते ओलांडल्यावर दर महिन्याला भरायचे पैसे.

बुसिया-सियायात २०१५ पूर्वी घरगुती जोडणीला ३५,००० शिलिंग पडत, म्हणजे तेव्हाचे जवळपास ४०० डॉलर. घरातलं वायरिंग वेगळं. वर्षाची कमाई पिकावर अवलंबून असलेल्या कुटुंबाने ही रक्कम एका वेळी आणायची कुठून? वरच्या अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून काही गावांना सवलतीत जोडणी देऊ केली. २५,००० शिलिंगांना शंभरातली सात कुटुंबं पुढे आली. १५,००० ला चौघांतलं एकही पुरतं नाही. फुकट देऊ केली तेव्हा मात्र जवळजवळ सगळ्यांनी घेतली. वीज नको होती असं कोणाचंच म्हणणं नव्हतं.

त्याच सुमारास, २०१५ मध्ये, केनिया सरकारने ‘लास्ट माइल’ योजना सुरू केली. डीपीपासून ६०० मीटरच्या आतल्या प्रत्येक घराला १५,००० शिलिंगांत जोडणी, आणि तीही हप्त्यांनी. ज्याच्या घरात वायरिंग करण्यासारख्या भिंतीच नाहीत त्याच्यासाठी ‘रेडी बोर्ड’ निघाला. एका छोट्या फळीवर मेन स्विच, दोन सॉकेट आणि एक बल्ब. तो भिंतीला टांगायचा, तार जोडायची, झालं. २०१३ मध्ये वीज कंपनीचे ग्राहक २३ लाखांच्या आसपास होते, २०१८ पर्यंत ते ६७ लाखांवर गेले. पाच वर्षांत जवळपास तिप्पट! एखाद्या गरीब देशाने एवढ्या वेगाने घरं जोडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि केनियाचं हे काम मला मनापासून मोठं वाटतं.

पण तार घरात आली म्हणून घर बदललं का? अभ्यासक दीड वर्षाने पुन्हा त्या घरांत गेले. बल्ब लागले होते, मोबाइल घरीच चार्ज होत होते, काही ठिकाणी टीव्ही आला होता. पण उत्पन्नात, तब्येतीत, मुलांच्या अभ्यासात फरक पडलेला दिसेना. फ्रिज, पंप, शिलाई यंत्र घ्यायला पैसेच नव्हते, त्यामुळे वापर महिन्याला दोन-अडीच डॉलरच्या पुढे जात नव्हता. जोडणी मिळायला सहा-सात महिने लागलेले. आराखड्यात मोजलेल्या खांबांपैकी सुमारे पाचवा हिस्सा प्रत्यक्षात उभाच राहिला नव्हता. आणि दर पाच डीपींमागे जवळपास एक डीपी अशी होती की एकदा बंद पडली ती सरासरी चार महिने बंदच. डीपी जळाली की गावाने वर्गणी काढायची, ती ट्रॅक्टरवर घालून तालुक्याला न्यायची आणि रांगेत उभं राहायचं, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. बुसियात तर वर्गणी काढून भागेल एवढा पैसाही गावात फिरत नाही.

या सगळ्याचा बोजा शेवटी वीज कंपनीवर येतो. महिन्याला आठ-दहा युनिट वापरणाऱ्या घरासाठी खांब, तार, मीटर, वायरमन हा खर्च बड्या ग्राहकाइतकाच होतो. बिलातून तो निघत नाही. ग्राहक वाढतील तसा तोटा वाढतो, तोटा वाढला की दुरुस्ती मागे पडते, दुरुस्ती मागे पडली की लाईट जाते, आणि लाईट जाते म्हणून पैसेवाला ग्राहक छपरावर स्वतःचं पॅनल बसवून निघून जातो. २०२० साली केनियाची वीज कंपनी तोट्यात गेली. मागे उरतो तो दहा युनिटवाला.

*

केनियात आज बहुतेक नवीन घरांना प्रीपेड मीटर असतं. मीटर बाहेर खांबावर, घरात फक्त आकड्यांची बटणं असलेली एक डबी. मोबाइलवरून एम-पेसाने पैसे भरले की मेसेज येतो. त्यात वीस आकडे असतात, ते डबीवर एकेक करून दाबायचे. एक आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शंभर शिलिंग भरणाराही हेच करतो. त्या मेसेजमध्ये शंभरातले किती खऱ्या विजेचे आणि किती ‘इतर आकार’ तेही लिहिलेलं असतं. इंधनाचा आकार, ग्रामीण विद्युतीकरणाचा कर, पाण्याचा कर, व्हॅट, आणि त्यात एक ओळ परकीय चलनाच्या चढउताराची.

ही शेवटची ओळ नीट पाहायला हवी. केनियातल्या कित्येक वीज प्रकल्पांची कर्जं डॉलर-युरोत आहेत आणि त्यांच्याकडून वीज घ्यायचे करारही त्याच चलनात. शिलिंग घसरला की वीज कंपनीचा खर्च वाढतो, आणि तो थेट ग्राहकाच्या माथी येतो. न्यूयॉर्कमध्ये व्याजदर वाढले, डॉलर तेजीत आला, आणि सियायातल्या विधवेला त्याच शंभर शिलिंगांत कमी युनिट मिळाले. तिने ना कर्ज काढलं, ना करारावर सही केली. आफ्रिकेत वीज महाग का, याचं मोठं उत्तर इथे आहे. ऊन आणि वारा फुकट, पॅनल चीनमधून स्वस्तात येतात, पण तोच प्रकल्प उभारायला लागणारा पैसा श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतो. सौर किंवा पवन प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करायचा असतो. म्हणून व्याजाचा दर हाच त्या विजेचा खरा दर.

त्यात नियोजन चुकलं तर विचारायलाच नको. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ वाऱ्याचा भन्नाट पट्टा आहे. तिथे ३६५ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण ३१० मेगावॅट. पण तिथून सुस्वा उपकेंद्रापर्यंत चारशेहून अधिक किलोमीटरची लाइन टाकण्याचं काम रखडलं, ठेकेदार स्पॅनिश कंपनी दिवाळखोरीत गेली. चक्क्या तयार, वारा वाहतोय, आणि तार नाही. करार असा होता की वीज उचलली नाही तरी पैसे द्यायचे. सप्टेंबर २०१८ मध्ये लाइन लागली तोवर केनियाच्या जनतेने न मिळालेल्या विजेचा भुर्दंड सोसला होता. आणि ज्या पशुपालकांच्या चराऊ जमिनीवर त्या चक्क्या उभ्या आहेत, त्यांनी जमिनीसाठी दावा लावला. २०२१ मध्ये न्यायालयाने ते जमिनीचे कागद बेकायदा ठरवले.

केनियाची दुसरी बाजूही सांगायला हवी. देशाची जवळपास ९० टक्के वीज कोळशाशिवाय, तेलाशिवाय बनते. खचदरीतल्या ओल्कारियाला जमिनीखालच्या वाफेवर १९८१ पासून वीज निघते, आणि आज देशाच्या विजेचा सर्वांत मोठा हिस्सा तिथून येतो. ही वाफ दुष्काळात आटत नाही. तिचं मोल किती, ते झांबियाकडे पाहिलं की कळतं.

*

झांबेझी नदीवर, झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर, करिबाचं धरण आहे. १९५५ ते १९५९ या काळात ब्रिटिश अमलाखालच्या ऱ्होडेशिया संघराज्याने ते बांधलं. जागतिक बँकेने त्यासाठी ८ कोटी डॉलर दिले, तोवरचं तिचं सर्वांत मोठं कर्ज. साठवणीच्या हिशेबाने हा जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव. वीज हवी होती तांब्याच्या खाणींना आणि गोऱ्यांच्या शहरांना.

नदीच्या दोन्ही काठांवर टोंगा लोक राहत होते. पूर ओसरला की गाळाच्या जमिनीत पेरायचं आणि पावसावरच्या शेतात दुसरं पीक घ्यायचं, अशी त्यांची दुबार शेती. सुमारे ५७,००० माणसांना उठवलं. कित्येकांना नदीपासून दूर, उंचावरच्या खडकाळ, कोरड्या जमिनीवर नेऊन टाकलं. सप्टेंबर १९५८ मध्ये चिसोमो गावच्या लोकांनी हटायला नकार दिला. हातात भाले घेतलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आठ जण ठार झाले. टोंगांचा विश्वास होता की नदीचा देव न्यामिन्यामी धरण होऊ देणार नाही. १९५७ आणि १९५८ च्या पुरांनी बांधकामाला खरोखरच तडाखा दिला, पण भिंत उभी राहिली. पाणी चढू लागलं तसे बेटांवर अडकलेले हत्ती, हरणं, गेंडे वाचवायला ‘ऑपरेशन नोआ’ सुरू झालं. सहा हजारांवर प्राणी बाहेर काढले गेले, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या बचावाचं कौतुक छापलं. टोंगांच्या स्थलांतराला तेवढी जागा मिळाली नाही. पुढची कित्येक दशकं त्यांच्या नव्या गावांत ती वीज आली नाही, जिच्यासाठी त्यांची जुनी गावं बुडाली. कोयनेच्या धरणग्रस्तांचा प्रश्न साठ वर्षांनीही ज्या राज्यात धसाला लागलेला नाही, तिथल्या वाचकाला यातलं दुःख परकं वाटणार नाही.

२०२४ मध्ये झांबियात पुरेसा पाऊस पडला नाही. २९ फेब्रुवारीला झांबियाने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केला. करिबाचा उपयुक्त साठा दहा टक्क्यांच्या खाली गेला. देशाची ८० टक्क्यांहून अधिक वीज पाण्यावर. काही भागांत दिवसाला २१ तास अंधार होऊ लागला. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात बारा-चौदा तासांनी गावं मेटाकुटीला आली होती, तिथे तीन तास लाईट म्हणजे चैन. वेल्डिंगवाला, न्हावी, पिठाची गिरणी, कोंबड्यांची अंडी उबवणारा, बर्फ घालून मासे विकणारी बाई, सगळ्यांचा धंदा त्या दोन-तीन तासांत, आणि ते तास रात्री आले तर रात्री. स्वयंपाकाला पुन्हा कोळसा, म्हणजे पुन्हा जंगलतोड. जागतिक बँकेने कर्ज दिलेलं धरण, पासष्ट वर्षं चाललेली यंत्रं, आणि तरी राजधानी लुसाकात अंधार. पाण्यावरच सगळा देश टांगून ठेवल्याची ही किंमत आहे.

लोकशाही प्रजासत्ताक काँगोची गोष्ट याहून कडू आहे. काँगो नदीवर इंगा इथे १९७२ आणि १९८२ मध्ये दोन धरणं झाली. तिथे आणखी सुमारे ४०,००० मेगावॅट वीज निघू शकते असं तज्ज्ञ सांगत आले आहेत. इंगापासून दक्षिणेला कटांगाच्या तांबे-कोबाल्टच्या खाणींपर्यंत १,७०० किलोमीटरची लाइन टाकली गेली, ती १९८२ मध्ये सुरू झाली. कटांगा १९६० मध्ये फुटून निघालं होतं. त्याच्या खाणी राजधानीच्या हातातल्या एका तारेवर चालाव्यात, हाही हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीचा हेतू होता, असं इतिहासकार मानतात. ही लाइन डीसी विजेची. लांबच्या पल्ल्याला ती उत्तम, पण वाटेत कुठेही डीपी बसवून गावाला वीज देता येत नाही. त्यासाठी डीसीची एसी करणारं अवाढव्य, महागडं केंद्र लागतं. म्हणून शेकडो गावांच्या डोक्यावरून ती तार चाळीस वर्षं जाते आहे. देशातल्या दर पाच माणसांपैकी साधारण एकाकडे वीज आहे. बुसियातल्या तारेखालच्या माणसाकडे पैसे नव्हते. इथे ती तार त्याच्यासाठी टाकलेलीच नाही.

*

तार येत नाही म्हटल्यावर लोकांनी वाटा काढल्या. नायजेरियात वीस कोटींहून अधिक लोकांसाठी ग्रिडवर चार-पाच हजार मेगावॅट वीज असते, म्हणून घरोघर जनरेटर. छोट्या, बादलीएवढ्या जनरेटरला तिथे ‘आय बेटर पास माय नेबर’ म्हणतात. त्याचा धूर बंद खोलीत साठून माणसं मेली आहेत. मे २०२३ मध्ये पेट्रोलवरचं अनुदान गेलं आणि तोही परवडेना. लाईट आली की पोरं आजही ‘अप नेपा!’ म्हणून ओरडतात, नेपा ही सरकारी कंपनी बंद होऊन वीस वर्षं झाली तरी.

केनियात २०१२ मध्ये एम-कोपा या कंपनीने वेगळी वाट दाखवली. छपरावर वहीएवढं पॅनल, एक बॅटरी, दोन-तीन एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, रेडिओ. थोडी अनामत भरायची, आणि मग रोज पन्नास शिलिंगांच्या आसपास, वर्षभर. आत सिम कार्ड, पैसे थांबले की दिवा बंद. रॉकेलवर रोज जेवढं जायचं तेवढ्यातच हप्ता, आणि वर्षाने सगळं स्वतःचं. हे जमलं कारण २००७ पासून एम-पेसामुळे गावातली म्हातारीही मोबाइलवरून पैसे पाठवत होती. बँकेने जे पत नाही म्हणून नाकारलं, ते पन्नास-पन्नास शिलिंगांच्या हप्त्याने मिळालं.

या दिव्याबद्दल मला आदर आहे. रॉकेलच्या धुरातून सुटका ही लहान गोष्ट नाही. पण तो दिवा गिरणी चालवत नाही, विहिरीचं पाणी उपसत नाही, लसीचा फ्रिज थंड ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्थांनी २०२३ मध्ये सांगितलं की सहाराच्या दक्षिणेकडच्या निम्म्या आरोग्य केंद्रांना भरवशाची वीज नाही. बाळंतपणाच्या खोलीत मोबाइलचा टॉर्च धरून टाके घालावे लागतात, तिथे दिव्याची मोजदाद पुरेशी नाही.

आता चित्र पालटतंय, आणि सरकारी फायलींच्या बाहेर. जून २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत आफ्रिकेने चीनमधून १५,००० मेगावॅटचे सौर पॅनल आणले, आदल्या वर्षापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त. सिएरा लिओनसारख्या छोट्या देशाने एका वर्षात आणलेल्या पॅनलमधून त्याच्या सध्याच्या एकूण वीजनिर्मितीच्या निम्म्याहून अधिक वीज निघू शकेल. दुकानदार, गिरणीवाले, दवाखाने, शेतकरी स्वतःच्या पैशाने बसवताहेत. ज्यांच्याकडे ते पैसे नाहीत त्यांच्यासाठी सरकार आणि सावकार दोघेही लागणार आहेतच, फक्त सावकाराचा दर कमी हवा.

हे मोठ्या पातळीवर करू पाहणारी योजना म्हणजे ‘मिशन ३००’. २०३० पर्यंत ३० कोटी आफ्रिकी लोकांपर्यंत वीज, हे जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. २५ कोटी जागतिक बँकेकडे, ५ कोटी आफ्रिकन बँकेकडे. जानेवारी २०२५ मध्ये दारेस्सलामला झालेल्या परिषदेत नायजेरिया, काँगो, टांझानिया, झांबिया यांच्यासह बारा देशांनी आपापले आराखडे मांडले. त्यात तार ओढण्याबरोबर वीज कंपन्यांचा तोटा भरून काढणं, दर ठरवणाऱ्या यंत्रणा सुधारणं, गावपातळीवरची छोटी सौर ग्रिड उभारणं हेही आहे. तार आणि सौर दोन्ही धरून चालण्याचा हा शहाणपणा जुन्या योजनांत नव्हता.

माझी काळजी एकच. ३० कोटी हा आकडा जोडणी मिळालेल्या माणसांचा आहे. जोडणी मोजणं सोपं, त्याचा फोटोही चांगला येतो. बुसियातल्या त्या घरांची मोजणी अशी झाली असती तर ती सगळी यशस्वी ठरली असती. मोजायचं आहे ते वेगळं: आठवड्यात किती तास वीज होती, जळालेली डीपी किती दिवसांत बदलली, गिरणी किंवा पंप चालवण्याइतके युनिट गरिबाला परवडले का, आणि प्रकल्पाचं कर्ज डॉलरमध्ये आहे की स्थानिक चलनात. हे आकडे दर वर्षी देशवार जाहीर झाले तर वीज कंपन्यांना आणि बँकांनाही पळवाट उरणार नाही.

जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने काँगोतल्या इंगाच्या तिसऱ्या धरणाच्या तयारीसाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले. या पहिल्या टप्प्यातला पैसा धरणाच्या भिंतीसाठी नाही. तो त्या जागेभोवतीच्या गावांतल्या पायाभूत सोयींवर आणि तिथल्या माणसांच्या कौशल्यांवर खर्च व्हायचा आहे. करिबाला टोंगांच्या गावांचा असा विचार धरणाआधी कोणी केला नव्हता. इंगा-कटांगाची लाइन टाकतानाही वाटेवरची गावं हिशेबात धरली गेली नव्हती.